खणखणीत आणि बद्द

चैत्र निम्मा उलटला कीं नागपुरांत घरोघरीं एक प्रश्न उपस्थित होतो : गेल्या सालचा माठ यंदा चालवावा कीं नवा घ्यावा ? वैशाखांत ज्या गांवचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे सहज जातो, तेथें हा प्रश्न क्षुल्लक म्हणतां येणार नाहीं. घरांत फ्रिज असो वा नसो, माठाचें पाणी तें माठाचें पाणी. आमच्या घरीं ह्या प्रश्नाचा निकाल बहुधा नव्या माठाच्या बाजूनेंच लागतो, आणि त्या खरेदीस आम्ही केवळ ओझें वाहणारे म्हणून बरोबर असतों. निवड करण्याचा अधिकार सर्वस्वीं आमच्या सौ.कडे आहे.

ह्या निवडीची रीत प्रत्येक वाचकानें पाहिली असेल. माठ कांठाशीं धरून किंचित् उचलावयाचा, बोटांच्या पेरांनीं त्याच्या पोटावर दोनतीन ठिकाणीं ठोकावयाचें आणि कान द्यावयाचा. आवाज खणखणीत आला तर माठ चांगला भाजलेला व अखंड; बद्द आला तर कोठें तरी तडा. तडा डोळ्यांना दिसत नाहीं, हाताला लागत नाहीं. परंतु कानापासून तो लपत नाहीं. माठ फोडून पाहतां येत नाहीं, आणि न फोडतां तर त्याचें अंतरंग कळावयास हवें, ही अडचण कुंभाराच्या गिऱ्हाइकानें, रुपया वाजवून घेणाऱ्या सराफानें आणि रोग्याच्या छातीवर बोटें ठोकणाऱ्या डॉक्टरानें एकाच युक्तीनें सोडविली आहे. छाती ठोकून रोग ओळखण्याची रीत ऑस्ट्रियांतील लेओपोल्ड आउएनब्रुगर ह्या डॉक्टरानें १७६१ सालीं प्रसिद्ध केली. हा गृहस्थ एका खाणावळवाल्याचा मुलगा. दारूचें पिंप कोठवर भरलें आहे हें ठोकून ओळखण्याची विद्या त्यानें लहानपणीं घरींच पाहिली होती असें सांगतात.

मौज अशी कीं, ज्या विद्येंत आमच्या सौ. आमच्यावर मुळींच विश्वास ठेवीत नाहींत, त्याच विद्येवर आमचा संसार चालत आला आहे. वस्तु न मोडतां तिच्यांतील दोष ध्वनीनें शोधावयाचा, आणि तो ध्वनि त्या वस्तूंतून कसा जाईल ह्याचें गणित संगणकाकडून करवून घ्यावयाचें, हें काम आम्हीं येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयांत पस्तीस वर्षें केलें. परंतु ह्या विद्येचा श्रीगणेशा आम्हीं महाविद्यालयांत गिरविला नाहीं. तो गिरविला खापरी व गुमगांव ह्या दोन स्टेशनांमधील रुळांवर.

नागपूर हें रेल्वेचें गांव. मुंबईकडून येणारा लोहमार्ग १८६७ सालीं येथवर पोंचला. स्टेशनाची आजची इमारत १९२५ सालची. आणि मुंबई-हावडा व दिल्ली-चेन्नई हे दोन थोर मार्ग येथें एकमेकांस छेदून जातात, तो रुळांचा चौफुला रेल्वेच्या मंडळींत प्रसिद्ध आहे. ह्यांपैकीं मुंबईच्या मार्गावर आमचे वडील चावीवाले होते. चावीवाला म्हणजे काय, हें आजच्या वाचकांस सांगावयास हवें. पूर्वीं रूळ बिडाच्या स्लीपरांवर बसवून लोखंडी चाव्या ठोकून घट्ट करीत. गाड्यांच्या हादऱ्यांनीं ह्या चाव्या सैल होत. खांद्यावर हातोडा, हातांत पाना आणि झेंड्या घेऊन रोज आपल्या वाट्याचे पांचसहा किलोमीटर चालावयाचें, सैल चावी ठोकावयाची, रुळाला कोठें तडा गेला आहे काय हें पाहावयाचें, हें चावीवाल्याचें काम. पुढें सिमेंटचे स्लीपर आले, त्यांवर पोलादी क्लिपा आल्या; चाव्या गेल्या, पण पदाचें नांव आणि पायांचें चालणें कायम राहिलें.

चावी घट्ट असेल तर हातोड्याचा आवाज एक होई, सैल असेल तर दुसरा. वडिलांना तें वांकून पाहावें लागत नसे. थंडींत रूळ आखडूं पाहतो व त्यामुळें ताणला जातो. म्हणून पौषांतील पहाट रुळांना फार वाईट. त्या दिवसांत रात्रीची गस्त असे, आणि वडील घोंगडी पांघरून कंदील घेऊन बाहेर पडत. बत्तीस वर्षांच्या चाकरींत त्यांना पुरता तुटलेला रूळ दोनदांच आढळला. बाकीचे सारे दिवस त्यांनीं 'आज कांहीं नाहीं' एवढें पाहून घरीं येण्यांत घालविले. लहानपणीं आम्हांस हें काम फार निष्फळ वाटे.

आम्हां मुलांचा उद्योग निराळा होता. गाडी दृष्टीस पडण्यापूर्वींच रुळाला कान लावून ती येत असल्याचें जाहीर करावयाचें, हा आमचा खेळ. हवेंतून आवाज सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो. पोलादांतून पांच हजार मीटरांवर. शिवाय हवेंत तो चहूंकडे पसरून विरतो. रुळांत त्याला पसरावयास जागाच नसते, म्हणून तो दूरवर टिकतो. हें शास्त्र आम्हांस तेव्हां ठाऊक नव्हतें. वडिलांना ह्या खेळाचा सुगावा लागला त्या दिवशीं त्यांनीं आमच्या पाठीची जी परीक्षा केली, तिचाहि आवाज चांगला खणखणीत होता. आणि त्यांचें करणें योग्यच होतें, कारण दुसऱ्या बाजूनें येणारी गाडी कान लावलेल्या मुलाला दिसत नसते.

पुढें ज्याला आम्ही शास्त्र म्हणून शिकलों व शिकविलें, तें त्या खेळाहून फार दूरचें नव्हतें. मनुष्याच्या कानाची धांव सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत. त्याच्या वरचा ध्वनि आम्हांला ऐकूं येत नाहीं, पण पोलाद तो वाहून नेतें. रूळ तपासणारी रेल्वेची मंडळी आज एक लहानशी ढकलगाडी रुळावरून नेतात. तिच्यांतील शोधक सेकंदाला सुमारें वीस लक्ष कंपनांचा ध्वनि रुळांत सोडतात, आणि आंत तडा असल्यास त्याचा पडसाद टिपतात. रीत उत्तम, परंतु शोधक ज्यावरून जाईल तेवढीच जागा तपासली जाते. म्हणजे वडिलांचें चालणें तिलाहि चुकलेलें नाहीं. दुसरी रीत आम्हां मुलांची : एका जागीं बसावें आणि ध्वनि लांबीच्या दिशेनें धाडावा. पत्रा, नळ किंवा रूळ ह्यांच्या पृष्ठांमध्यें कोंडला गेलेला ध्वनि त्यांच्याच वाटेनें पुढें जात राहतो. त्याला आपण मार्गबद्ध लहरी म्हणूं. नळाभोंवतीं एके ठिकाणीं शोधकांचें कडें बसवून दोहों बाजूंचे कित्येक मीटर, वरचें आवरण न सोलतां, तपासतां येतात. दक्षिण आफ्रिकेंत सिशेनच्या खाणींपासून साल्डान्हा बंदरापर्यंत सुमारें ८६० किलोमीटर लांबीचा लोहखनिजाचा मार्ग आहे. तेथें एका ठाण्यावरून रुळांत ध्वनि सोडतात व पुढल्या ठाण्यावर ऐकतात. तो पोंचला नाहीं तर मधें रूळ तुटला असें समजतात. खापरीच्या पोरांचा खेळ मोठ्या माणसांनीं मांडला म्हणजे त्याची अशी प्रतिष्ठा होते.

मग ह्यांत गणित कशाला हवें, असें कोणी विचारील. कारण असें कीं, कोंडलेला ध्वनि एकाच चालीनें चालत नाहीं. साध्या पत्र्यांतहि त्याच्या दोन मुख्य चाली आहेत. एकींत पत्र्याच्या दोन्ही बाजू एकदम फुगतात व आकसतात, भक्ष्य गिळलेल्या अजगराच्या अंगासारख्या. दुसरींत सारा पत्रा वरखालीं लवतो, दोरीवर वाळत घातलेलें धोतर वाऱ्यानें हेलकावतें तसा. कंपनें वाढवीत गेलें कीं आणखीहि चाली उत्पन्न होतात. बरें, प्रत्येक चालीचा वेग तरी ठरलेला असावा, तोहि नाहीं. कंपनसंख्या आणि जाडी ह्यांच्या गुणाकाराबरोबर तो बदलतो. वरात मारुतीच्या देवळापासून एकत्र निघते, पण नाचणारी मुलें, बँडवाले आणि वृद्ध मंडळी आपापल्या चालीनें चालूं लागल्यामुळें मांडवाच्या दारीं ती तुकड्यातुकड्यांनीं येऊन पोंचते. ध्वनीचेंहि तसेंच होतें. एक नेमका ठोका धाडावा, आणि पलीकडे एक लांबट गोंधळ ऐकूं यावा ! त्या गोंधळांत तड्याचा पडसाद कोणता आणि उशीरां आलेले वऱ्हाडी कोणते, हें ओळखण्यासाठीं कोणाची चाल काय हें आधीं ठाऊक हवें.

तें ठरविण्याचें मूळ गणित जुनें आहे. पृष्ठभागावरून जाणाऱ्या लहरींचें गणित लॉर्ड रॅले यांनीं १८८५ सालीं मांडलें. पत्र्यांतील लहरींचा पुरता विचार हॉरेस लॅम्ब यांनीं १९१७ सालीं केला, आणि आजहि त्या लहरी त्यांच्याच नांवानें ओळखल्या जातात. लॅम्ब यांचें समीकरण दिसावयास आटोपशीर आहे. परंतु त्याचें उत्तर सरळ लिहून काढतां येत नाहीं. एकेक बिंदु चांचपून शोधावा लागतो, आणि असे शेंकडों बिंदु जोडले म्हणजे चालींच्या वेगांची एक रेषा होते. एकावर एक थर असलेल्या पदार्थाचें गणित थॉमसन यांनीं १९५० सालीं व हॅस्केल यांनीं १९५३ सालीं पुढें नेलें. हॅस्केल यांच्या डोळ्यांसमोर भूकंपाच्या लहरी आणि पृथ्वीचे थर होते. पण गणिताला पृथ्वी आणि पत्रा सारखेच. त्यांच्या रीतींत एक खोड होती : कंपनसंख्या व जाडी ह्यांचा गुणाकार मोठा झाला कीं अतिप्रचंड आणि अतिसूक्ष्म आंकडे एकाच हिशेबांत येत व उत्तर कोलमडून पडे. १९६४ सालीं नोपॉफ यांनीं सुचविलेल्या निराळ्या मांडणीनें ही खोड टाळतां येऊं लागली. ह्या सर्व पूर्वसंचितावर लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत १९९० नंतरच्या दशकांत 'डिस्पर्स' ही आज्ञावली तयार झाली. आणि अलीकडे जर्मनींतील औग्सबुर्ग येथें आर्मिन हुबर यांनीं रचलेला 'डिस्पर्शन कॅल्क्युलेटर' तर कोणासहि विनामूल्य मिळतो. रुळासारख्या वेड्यावांकड्या आकारासाठीं आणखी एक युक्ति आहे. मीटरला साठ किलो भरणारा रूळ १७२ मिलिमीटर उंच असतो. त्याच्या छेदाचे लहान लहान तुकडे पाडून गणित करावयाचें, आणि लांबीच्या दिशेनें मात्र लहर अखंड चालली आहे असें धरावयाचें. संगणकाला जाडी, घनता आणि स्थितिस्थापकता हीं सांगावीं. चहा निवावयाच्या आंत तो सर्व रेषा पडद्यावर उमटवितो.

त्या रेषा प्रथम पाहिल्या तेव्हां आम्हांस जो आनंद झाला, त्याचें वर्णन करण्याचें आम्हीं टाळतों. कारण पुढें जें घडलें तें त्या आनंदामुळेंच घडलें.

सुमारें पंधरा वर्षांपूर्वींची गोष्ट. नागपूरपासून फार दूर नसलेल्या एका कारखान्यांत एक रिकामी केलेली पोलादी टांकी आम्हांस तपासावयाची होती. कागदावर पत्र्याची जाडी आठ मिलिमीटर. आम्हीं सेकंदाला एक लक्ष कंपनांचा ध्वनि सोडला, आणि एका दिशेनें सेकंदाच्या आठ दशसहस्रांशानें स्पष्ट पडसाद आला. रेषाकृति आमच्यापुढें होतीच. फुगणाऱ्या-आकसणाऱ्या चालीचा वेग तींत सेकंदाला सुमारें ५२०० मीटर. जाण्यायेण्याचा हिशेब करतां दोष दोन मीटरांवर आला. आम्हीं तेथें खडूनें वर्तुळ काढलें. रंग खरवडला, पत्रा घांसला, जाडी मोजली. सर्व कांहीं शाबूत. पुन्हां मोजलें, पुन्हां तेंच. अखेर पडसाद कशाचा तरी किरकोळ असावा असें ठरवून आम्ही 'दोष आढळला नाहीं' असें लिहिण्याच्या बेतांत होतों.

तेथील एक वृद्ध मिस्त्री आमचें काम पाहत उभा होता. त्याला कोणीं कांहीं विचारलें नव्हतें. खिशांतून लहानशी हातोडी काढून तो टांकीच्या कडेकडेनें ठोकीत चालला होता. आणि आमच्या शोधकापासून दोन पावलांवर, म्हणजे वर्तुळाच्या पुष्कळ अलीकडे, येऊन थबकला.

"साहेब, इथं पत्रा बद्द वाजून राह्यला."

तेथें यंत्राला कांहीं दिसत नाहीं, असें आम्हीं त्याला सांगितलें. त्यानें वाद घातला नाहीं. त्याच जागीं पुन्हां एकदां ठोकलें, आणि आमच्याकडे पाहिलें. आम्हीं, खरें सांगावयाचें तर त्याचें मन राखण्यासाठीं, तेथें जाडी मोजली. आठांपैकीं तीन मिलिमीटर उरले होते. बाकीचा पत्रा आंतून गंजानें खाल्ला होता. पुढल्या आठवड्यांत ती टांकी ऊन द्रवानें भरावयाची होती, आणि तिच्या पायथ्याशीं माणसें काम करीत असत.

रात्रीं घरीं येऊन आम्हीं हिशेब पुन्हां मांडला. लवणाऱ्या चालीचा वेग त्या ठिकाणीं सेकंदाला सुमारें ३१०० मीटर. त्या वेगानें अंतर सव्वा मीटर येतें, मिस्त्रीच्या हातोडीशीं तंतोतंत. संगणकानें कसलीच चूक केली नव्हती. त्यानें दोन्ही रेषा आम्हांस दाखविल्या होत्या. आलेला पडसाद कोणत्या रेषेचा, हें त्यानें सांगितलें नव्हतें. तें आम्हींच परस्पर ठरविलें होतें, आणि चुकीचें ठरविलें होतें.

वडील त्या वेळीं आमच्याजवळच राहत. त्यांचें ऐकणें जवळजवळ गेलें होतें. त्यांच्याशीं बोलावयाचें तर कानाशीं ओरडावें लागे. आम्हीं सारी हकीकत ओरडून सांगितली. लहरी, वेग, रेषा, सर्व कांहीं. ते बराच वेळ गप्प बसले, आणि मग म्हणाले,

"त्या मिस्त्रीचं नाव काय, रे ?"

आम्हांस तें ठाऊक नव्हतें. दिवसभर त्याच्या शेजारीं उभे राहून आम्हीं तें विचारलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही परत गेलों, त्याचें नांव विचारून घेतलें, आणि दोष कोणीं शोधला ह्या रकान्यांत तें लिहिलें. अहवालांत तें नांव आमच्या नांवाच्या वर आहे.

ह्यावरून यंत्रापेक्षां कान श्रेष्ठ असा निष्कर्ष कोणी काढील, तर आमची त्यास संमति नाहीं. मिस्त्रीची हातोडी जेथें पडते तेवढीच जागा बोलते. जमिनीखालच्या किंवा आवरणाखालच्या नळाला ती पोंचत नाहीं. शिवाय कान मनुष्याबरोबर म्हातारा होतो. वडिलांच्या ऐकण्याबरोबर बत्तीस वर्षांची विद्या गेली. ती कोणी उतरून घेतली नाहीं, आणि उतरून घेण्याचें काम ज्याचें होतें तो मुलगा त्या वेळीं लॅम्ब यांचें समीकरण सोडवीत बसला होता. आणि जेथें कानाला पूर्वानुभवच नाहीं तेथें त्यानें काय करावें ? आमच्या नागपुरांतच, मिहानमध्यें, बोइंग ७८७ विमानाच्या जमिनीखालच्या तुळया कार्बनच्या तंतूंच्या थरांपासून बनल्या आहेत. असल्या पदार्थांत ध्वनीचा वेग दिशेदिशेला निराळा असतो. तो कसा वाजला म्हणजे खणखणीत म्हणावें, हें सांगणारी आजी कोणत्याच घरांत नाहीं. तेथें गणितानेंच आधीं सांगावें लागतें.

तथापि, गणित काय सांगतें हें नीट समजून घ्यावें. आमच्या सौ.च्या कानांत चाळीस उन्हाळ्यांचे माठ सांठविलेले आहेत, चांगले आणि फुटके दोन्ही. आज्ञावलीच्या पोटांत माठ एकच असतो, आणि तो आम्हीं तिला वर्णन करून सांगितलेला असतो. तो माठ कसा वाजेल हें ती बिनचूक सांगते. समोरचा माठ तोच आहे कीं नाहीं, हें तिनें पाहिलेलें नसतें. तें कोणीतरी उठून, हात लावून पाहावें लागतें. वडिलांचे 'आज कांहीं नाहीं' म्हणण्याचे ते हजारों दिवस आम्हांस पुढें निष्फळ वाटेनासे झाले, तें ह्याच कारणानें. कांहीं नाहीं असें म्हणण्याचा अधिकार त्यांनीं रोज चालून मिळविला होता. आम्ही तो त्या दिवशीं एका रेषेच्या भरंवशावर बजावणार होतों.

त्यानंतर आमच्या प्रयोगशाळेंत एक शिरस्ता पडला. विद्यार्थ्यानें संगणकाला हात लावण्यापूर्वीं पत्र्याची जाडी पांच ठिकाणीं स्वतः मोजावयाची, पत्रा ठोकून ऐकावयाचा, आणि ठाऊक असलेल्या जागीं मुद्दाम पाडलेल्या भोंकाचा पडसाद आधीं ओळखून दाखवावयाचा. मुलें प्रथम हंसत. पडसाद कोणत्या चालीचा हें चुकलें कीं हंसणें आपोआप थांबे.

इतकें सगळें शिकलेल्या मनुष्यानें माठ तरी बरा निवडावा ! यंदा सौ.चा गुडघा दुखत असल्यामुळें आम्हांस एकट्यालाच पाठविण्यांत आलें. रस्त्यावर मोटारींचा कोलाहल चालला होता. आम्हीं सात माठ ठोकले, आठवा पसंत केला, आणि विजयी मुद्रेनें घरीं आणला. सौ.नीं त्यावर एकदांच बोट मारलें, आमच्या तोंडाकडे पाहिलें, आणि कांहीं बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं माठाखालीं पाण्याचें थारोळें होतें. वैशाख लागलाच होता, सौ.नीं त्याच्या बुडाला बारीक छिद्र पाडून त्यांत वात घातली, आणि तुळशीवर गळती म्हणून तो टांगून दिला. थेंब थेंब पाणी पडतें आहे, आणि भर उन्हाळ्यांत तुळस हिरवीगार आहे.

पिण्याच्या पाण्यासाठीं दुसरा माठ त्यांनीं दुखऱ्या गुडघ्यानें स्वतः जाऊन आणला. ओझें वाहावयास आम्ही बरोबर होतोंच.